सव्वा मूठ गहू कुणाच्या नावाचे?

आषाढ सरत आला की कसमादेत, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा या आपल्या पट्ट्यात, घरांची झाडलोट सुरू होते. जळमटं निघतात, भिंतींना रंग लागतो, माळ्यावरची पितळी भांडी खाली येऊन चिंचेने घासली जातात. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या पहिल्या रविवारी कानबाई बसणार असते. पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करणारा, चाकणला कंपनीत लागलेला, नाशिकला अंबडमध्ये शिफ्ट करणारा असा सगळा गोतावळा त्या आठवड्यात देवळ्याच्या स्टँडवर बॅगा घेऊन उतरतो. दिवाळीला सुट्टी नाही मिळाली तरी एकवेळ चालेल, पण रोटला यायचंच, असं घरून बजावलेलं असतं. आणि पोरं येतात. साहेबाला काय कारण सांगतात ते त्यांनाच माहीत, पण येतात.

ज्यांच्या घरी कानबाई नसते त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कानबाई, कुणी कानुबाई म्हणतं, कुणी कानुमाता. खान्देशाची आणि आपल्या बागलाण भागाची ही देवी. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ म्हणजे तिचं रूप. रविवारी तिची स्थापना होते, रात्रभर गाणी आणि जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. या सगळ्याच्या केंद्रस्थानी असतं जेवण. त्याचं नाव रोट. रोटासाठी वेगळे गहू निवडून ठेवायचे. दळायला नेताना गिरणीवाल्याला आधी सांगायचं, मग तो चक्की पुसून स्वच्छ करून देणार. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर, कटाची आमटी, लाल डांगराची भाजी. हे रोट आपल्या कुळातल्या लोकांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत आणि वायाही घालवायचे नाहीत, असा दंडक.

आता यातली खरी गोष्ट अशी की भावाभावांत वाटण्या झालेल्या असतात. चुली वेगळ्या, गोठे वेगळे, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आणि त्यावरून वर्षातून दोनदा तरी बोलाचाली. पण कानबाईचा नारळ बहुतेक ठिकाणी थोरल्याकडेच असतो आणि त्या दोन दिवसांत सगळ्यांना एकाच पंगतीत बसावं लागतं. बांधावरून वर्षभर न बोललेले दोन चुलतभाऊ एकमेकांना ‘अजून एक पोळी घे ना’ म्हणतात. कोर्टात जे होत नाही ते पुरणपोळीसमोर होतं. म्हणजे दरवर्षी होतंच असं नाही. पण होण्याची शक्यता तरी त्या दिवशी असते, आणि वर्षातला तेवढा एकच दिवस तसा असतो. त्यामुळे ‘हे सगळं जुनाट आहे, बंद करा’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचे आम्ही नाही. उलट हा सण राहिला पाहिजे असंच आमचं म्हणणं आहे.

आणि म्हणूनच त्या गव्हांबद्दल बोलायचंय.

रोटासाठी गहू घेताना ते वजनावर घेत नाहीत, मुठीने घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आजोबांचे सव्वा, वडिलांचे सव्वा, काकांचे सव्वा, आणि गेल्या महिन्यात बारसं झालेला, अजून मान न धरलेला पुतण्या असेल तर त्याचेही सव्वा. त्याच सुपाशेजारी गहू निवडत बसलेली त्याची दहावीतली बहीण मात्र मोजली जात नाही. तिची आईही नाही. सून म्हणून आली तेव्हापासून वीस-बावीस वर्षं जी रोटाच्या पोळ्या लाटतेय, तिच्या नावाची मूठ त्या सुपात नसते.

देवी बाई. तिची गाणी बायकांनी रचलेली, बायकांनीच तोंडपाठ ठेवलेली. स्वयंपाक बायकांचा. फक्त गहू पुरुषांच्या नावाचे!

मोठ्या माणसांना विचारलं तर उत्तर तयार असतं. ‘पोरी परक्या घरी जाणार, त्यांचे गहू तिकडे.’ बरं, मग तिकडे तरी मोजतात का? नाही. तिकडे ती सून असते. म्हणजे माहेरी ‘जाणार’ म्हणून नाव नाही आणि सासरी ‘आलेली’ म्हणून नाव नाही. एखाद्या मुलीने हा हिशेब कागदावर मांडला तर तिच्या लक्षात येईल की जन्मापासून मरेपर्यंत कुठल्याच सुपात तिच्या नावाची मूठ पडत नाही. एवढ्या मोठ्या सणात, एवढ्या धान्याच्या घरात!

काही जण म्हणतील, अहो मुठीचं काय घेऊन बसलात? पोळ्या तर सगळ्यांनाच पोटभर मिळतात. मुद्दा पोळीचा नाहीच. आपल्याकडे मोजणं ही साधी गोष्ट नसते. घरात कोण आहे हे आपण मोजूनच ठरवतो. रेशनकार्डावर किती नावं, सातबाऱ्यावर किती नावं, पत्रिकेवर ‘आपले नम्र’ खाली किती नावं, यावर आपल्या गावात भांडणं होतात. मग मुठीवर का बोलायचं नाही?

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकू. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः वाटा दिला. ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या मुली तेव्हा त्यातून वगळल्या गेल्या, पण सुरुवात झाली. देशाच्या कायद्यात हे यायला २००५ साल उजाडलं. त्यानंतरही ‘२००५ मध्ये वडील हयात नव्हते, मग वाटा कसा?’ असे वाद चालूच राहिले, ते सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्याच्या निकालात मिटवले. मुलगी जन्माने वारस आहे, वडील कधी वारले याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणंही महाराष्ट्रात बंधनकारक झालंय. बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

म्हणजे कायद्याने मुलीला मोजायला सुरुवात करून तीस वर्षं झाली. घराने अजून केलेली नाही. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हीही पाहिलंय. वडील गेले की तेराव्यानंतर आठवडाभरात भाऊ बहिणीला गाडीत बसवून नेतो आणि हक्कसोडपत्रावर सही होते. बहीण सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती असते. आखाजीला कोण बोलावणार, दिवाळीला कोण न्यायला येणार? एका सहीच्या बदल्यात तिला माहेरचा उंबरा हवा असतो. हे तिचं प्रेम आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. ज्या पोरीच्या नावाची मूठ लहानपणापासून सुपात पडत आली असती, तिच्या भावाला सही मागताना निदान थोडी लाज वाटली असती की नाही? आम्हाला वाटतं, वाटली असती. लहानपणी कोणाला मोजलं, हे माणसाच्या डोक्यात पक्कं बसतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ‘कानबाई कडक आहे. तिच्यात बदल चालत नाही. काही बरंवाईट झालं तर?’ घरातली आजी हे म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांत खरी भीती असते, त्यामुळे तिची टिंगल करायची नाही. पण तिच्याजवळ बसून तिलाच विचारा, तुझ्या लहानपणी रोटाचं दळण कशावर व्हायचं? जात्यावर. आता? गिरणीवर. पोळ्या कशावर? चुलीवर. आता? गॅसवर. देवीपुढे उजेड? समईचा. आता लाइटिंगच्या माळा. विसर्जनाला काय वाजायचं? डफ, संबळ. आता डीजे, तोही असा की घरांच्या काचा थरथरतात. आजी, ज्या देवीने आमचा डीजे सहन केला ती ताईच्या सव्वा मूठ गव्हाने कोपेल का?

बहुतेक आज्या इथे हसतात. हसल्या की निम्मं काम झालं.

हे काम मुलींनी करायचं नाही, हेही सांगायला हवं. मुलीने विषय काढला की ‘शहरात शिकायला पाठवली आणि शिंगं फुटली’ हे ठरलेलं वाक्य येतं. विषय मुलग्याने काढायचा. सुपात स्वतःच्या नावाची मूठ पडली की त्याने म्हणायचं, ‘आता ताईची.’ एवढंच. भाषण नको, वाद नको. नाहीच ऐकलं तर ‘माझ्या मुठीतले अर्धे तिच्या नावाने टाका’ म्हणायचं. बघू किती जण हे नाकारतात.

पण मूठ टाकून मुलगे सुटले असं नाही. खरा हिशेब पुढे आहे.

रोटाच्या दिवशी घरातल्या बाया किती वाजता उठतात? पहाटे चार म्हटलं तरी उशीर. डाळ शिजत घालायची, पुरण वाटायचं, कणीक तिंबायची, आणि मग चाळीस-पन्नास माणसांच्या पोळ्या. पुरणपोळी हे पक्वान्न करणारीच्या खांद्यांतून येतं, हे ज्याने एकदा पाटा-वरवंट्यावर पुरण वाटून पाहिलंय त्यालाच कळेल. त्या वेळी घरातले तरणेबांड काय करत असतात? मंडप, लाइटिंग, डीजे, आणि मिरवणुकीत पुढे नाचणं. चार भावांचं मिळून एक काम असतं, पंगतीत वाढणं, आणि त्याचेही फोटो स्टेटसला.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पहिल्यांदाच एक पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. घरचं विनामोल काम, म्हणजे स्वयंपाक, धुणंभांडी, झाडलोट हे करणाऱ्यांमध्ये बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. जवळपास पाच तास. असं काम करणारे पुरुष देत होते ९७ मिनिटं. आणि मुळात असं काही काम करणारे पुरुषच होते २६.१ टक्के. बायका ८१.२ टक्के. म्हणजे चारातल्या तीन पुरुषांनी त्या दिवशी घरातली काडी इकडची तिकडे केली नव्हती. आपल्याकडे हे प्रमाण काय असेल ते आपापल्या घरात बघून ठरवा, त्यासाठी सरकारी माणूस यायची गरज नाही.

यातून आपल्या पोरांचं नुकसान काय होतं, हे ती घराबाहेर पडल्यावर कळतं. बारावीपर्यंत आयतं ताट, आणि मग एकदम नाशिक-पुण्याची कॉट बेसिस रूम. पहिले पंधरा दिवस मेस भारी वाटते. महिन्याने त्या पाण्यासारख्या वरणाचा वास नको होतो. मग वडापाव, मॅगी, रात्री अकराला ऑर्डर केलेली बिर्याणी, आणि महिनाअखेरीस घरी फोन, ‘पप्पा, थोडे पैसे टाका.’ कांद्याचा भाव पडलेला असतो तेव्हाही हा फोन जातो. पाच किलोमीटर चालत शाळेत गेलेल्या बापाच्या पोराला वरणभाताचा कुकर लावता येत नाही. यात मर्दानगी कसली, ही तर परावलंबी अवस्था झाली.

यावर उपाय आईच्या मागे उभं राहणं. शब्दशः. ती स्वयंपाक करत असताना तिच्या मागे उभं राहून बघायचं. विचारू नका, कारण विचारलं की ती म्हणणार ‘अंदाजे’. मीठ किती? अंदाजे. पाणी किती? बघून. किती वेळ परतायचं? वास येईपर्यंत. तिच्या हाताला जे माहीत आहे त्याला तिच्याजवळ शब्द नाहीत, कारण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि घराघरांत पोहोचलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांनी या ‘अंदाजे’ला वाटी आणि चमच्यात बसवलं. नव्या नवरीला वजनकाटा लागत नव्हता, घरातली वाटी पुरत होती. पण रुचिरा कितीही थोर असलं तरी त्यात तुमच्या आईचं उडदाचं घुटं सापडणार नाही. फुनके-कढी, डुबुकवड्या, कळण्याची भाकरी, शेंगोळे, बिबडे हे आपल्या मुलखात एका गावाहून दुसऱ्या गावात जाताना बदलतं. उमराण्याच्या घरातला ठेचा आणि लोहोणेरच्या घरातला ठेचा एकाच चवीचा लागेल याची खात्री नाही. हे लिहून ठेवायचं असेल तर ते तुम्हालाच लिहावं लागेल. मोबाइल आहे, आईचा आवाज रेकॉर्ड करा. ती लाजेल, ‘काय रे येड्यासारखं’ म्हणेल. करा तरीही.

(संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि बाजरीची भाकरी एकदम सुपरफूड झाली. शहरातल्या कॅफेत ती आता लोणी लावून, लाकडी पाटावर ठेवून मिळते. आपल्या शेतात काम करणाऱ्या माणसाने ती वर्षानुवर्षं फडक्यात बांधून नेली आणि बांधावर बसून कांद्याशी खाल्ली तेव्हा तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. असो.)

स्वयंपाक येणाऱ्याला आणखी एक गोष्ट येते. दुसऱ्याची भूक ओळखता येते.

आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेला की त्या घरी चूल पेटत नाही. मग शेजारून, भाऊबंदांकडून पिठलं-भाकरी येते. कडू घास म्हणतात त्याला. कोण करतं, कुणाच्या घरून आलं, त्याचा बभ्रा होत नाही. रडून थकलेल्या माणसासमोर ताट ठेवून ‘दोन घास खा’ म्हणणारी बाई कुठलंही सांत्वनाचं वाक्य बोलत नाही, आणि ते लागतही नाही. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, ही अशीच दुसरी रीत. भाजी आली त्या वाटीत काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. या रीती कुणी शिकवल्या नाहीत, पुस्तकात छापल्या नाहीत. आपण फ्लॅटमध्ये राहायला गेलो आणि त्या गुपचूप सुटल्या. नाशिकच्या सोसायटीत शेजारच्या दारावर नाव काय आहे हे आपल्याला माहीत नसतं, मग वाटी कुठून जाणार?

एसटीचा डबा आठवा. गावाहून सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी ठेवलेले डबे, झाकणावर चिकटपट्टी, त्यावर पेनने नाव आणि कॉलेज. तालुक्याला किंवा नाशिकला रूम करून राहणारी कितीतरी पोरं त्या डब्यांवर पदवीपर्यंत पोचली. आईने पाचला उठून भाकरी थापली हे खरंच, पण त्या ड्रायव्हर-कंडक्टरलाही त्यात स्वतःचं काही मिळणार नव्हतं. ‘अरे, आज तुझा डबा गळतोय, वरण सांडलंय, आईला सांग झाकण बदल’ असं म्हणणारा कंडक्टर तुमच्या जेवणाची काळजी करत होता. २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप सुरू झाला आणि पुढे २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा अनेक रूमवर पहिली गोष्ट बंद पडली ती हे डबे. संपाच्या बातम्यांत प्रवाशांच्या हालांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. डब्यांविषयी फार नाही.

चैत्रातही हे दिसतं. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीचा उत्सव, आणि खान्देश म्हणजे देवीचं माहेर असं मानणारी माणसं धुळ्या-जळगावाकडून पायी निघालेली. वरून ऊन, खाली तापलेली डांबरी सडक. आपल्या भागातून जाताना रस्त्याच्या कडेला कुणी ताक घेऊन उभं, कुणी टरबुजाच्या फोडी, कुणी खिचडीचं पातेलं. ‘जेवण व्हयनं का?’ असं अनोळखी माणसाला विचारायची ती आपली पद्धत. पायात फोड आलेल्या माणसाला बाकी काही विचारायचं नसतं. नाव नाही, गाव नाही, जात नाही.

आणि इथेच जरा थांबायला हवं, कारण इथे आपण स्वतःची पाठ थोपटून घेतो आणि पुढे जातो. रस्त्यावरच्या माणसाला जे विचारत नाही ते घरात आलेल्याला विचारतो. कांदा लागवडीला सुरगाणा-पेठकडून आलेल्या मजुरांना चहा देतो, पण काही घरांत त्यांचे कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले असतात. वर्गातला जिगरी दोस्त, ज्याच्यासोबत एका प्लेटीत मिसळ खातो, तो घरी आला की आई आडनाव विचारते आणि मग ताट कुठे वाढायचं ते ठरतं. सगळ्याच घरांत नाही, पण आहे, आणि तुम्हाला माहीत आहे कुठे आहे ते. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिलं, मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या आपल्या समाजात काही जणांच्या ताटात तेल आणि तूप येतच नव्हतं, आणि त्यांच्या पदार्थांना पाककृतींच्या पुस्तकांत कधी जागाच मिळाली नाही. ‘आपली खाद्यपरंपरा’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या ‘आपली’मध्ये कोण येतं, हा प्रश्न मुठीच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. ज्या घरात स्वतःच्या मुलीला मोजायची सवय नाही, तिथे बाहेरच्याला कसं मोजणार?

रोट कुळाबाहेर द्यायचा नाही, हा नियम असेल तर राहू द्या. प्रत्येक गोष्ट लगेच मोडायला निघालं पाहिजे असं नाही, आणि सणाचं काही खासगीपण असायला हरकत नाही. पण वर्षातले उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस रोट नसतो ना? त्या दिवशी त्या मित्राला जेवायला बोलवा. ताट आतच वाढा, सगळ्यांच्या ओळीत. आईने भुवई उंचावली तर तिच्या हातातली पळी घ्या आणि तुम्हीच वाढा.

काय करायचं जेवायला? पुरणपोळीच्या नादाला लागू नका, ती एका दिवसात येणारी गोष्ट नाही. आपली तूरडाळीची खिचडी करा. दोन माणसांना एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी तूरडाळ, धुऊन पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवायची. कुकरमध्येच तेल तापवून मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण आठ-दहा पाकळ्या, दोन-तीन सुक्या लाल मिरच्या, मूठभर शेंगदाणे. लसूण लाल झाला पाहिजे, काळा नाही. मग हळद, तिखट, डाळ-तांदूळ, आणि साडेतीन वाट्या गरम पाणी. मऊ आवडत असेल तर चार. मीठ. मीठ अंदाजे, आता सांगून टाकलंच. तीन शिट्ट्या आणि वाफ जिरेपर्यंत धीर. कढी जमली तर उत्तम, नाही जमली तर ताक. कांदा बुक्कीने फोडायचा, पापड आचेवर भाजायचा. ताटात खिचडी वाढली की मध्ये खळगा करून त्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल, न तापवता, चमचाभर. पार्टनर खान्देशातला असेल तर चमच्याने त्याचं भागणार नाही, बाटलीच त्याच्यासमोर ठेवा.